दोन मशिनं, एक नंबर आणि ढोबळेबाई

"थांबा वो, मले नाही समजलं."

हे वाक्य ढोबळेबाई दिवसातून किती वेळा म्हणत, ते आमच्यापैकी कुणी कधी मोजलं नाही. बस निघायच्या आधी म्हणत, डबा खाताना म्हणत, मॅनेजरसाहेब बोलत असले तर हमखास म्हणत. आम्ही बाकीचे हसायचो. मीही हसायचे, आणि खरं सांगायचं तर मला स्वतःला त्यातल्या निम्म्या गोष्टी समजलेल्या नसायच्या. फरक एवढाच, की मी मान डोलवायचे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. बोरगावला सूत रंगवण्याचा एक कारखाना होता. मी सौंसरची. रंगखात्याच्या प्रयोगशाळेत सुताचे नमुने जुळवून पाहायचं काम करायचे. ढोबळेबाई पांढुर्ण्याच्या. कारखान्याची बस पांढुर्ण्याहून सकाळी निघायची, सौंसरला मला घ्यायची आणि बोरगावला सोडायची. बाई ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसत आणि माझी जागा पिशवी ठेवून धरत. चाळिशी ओलांडलेली, बुटकी, सुती पातळ, मनगटावर पुरुषी घड्याळ. ते घड्याळ रोज सकाळी रेडिओवरच्या बातम्यांच्या टोल्यांना त्या लावत. मिनिटभरही मागेपुढे त्यांना खपायचं नाही. "बाकी काही समजो न समजो, नलू," त्या म्हणत, "किती वाजले एवढं तरी पक्कं पाहिजे माणसाले."

त्यांच्या पिशवीत एक पातळ वही असे. तिच्यात न समजलेल्या गोष्टी लिहिलेल्या. एका ओळीत एक. समजली की ती ओळ खोडायची. मी एकदा उघडून पाहिली होती. 'विमान उलटं उडते तेव्हा पडत काहून नाही' याच्या खाली 'शेजारच्या यमुनाबाई आपल्याशी बोलत काहून नाहीत' असं होतं. विमानाची ओळ खोडलेली होती. यमुनाबाईंची नव्हती.

आधी त्या पांढुर्ण्याच्या एका शाळेत गणित शिकवायच्या. ती नोकरी का सुटली, ते त्यांनीच मला सांगितलं. तपासणीला साहेब आले होते. बाईंनी फळ्यावर पुस्तकातलं गणित घेतलं आणि अर्ध्यावर थांबल्या. सगळ्या वर्गासमोर, साहेबांसमोर म्हणाल्या, "हे मले समजून नाही राहिलं. उत्तर असं येऊच शकत नाही." पुढे कळलं की पुस्तकातच छपाईची चूक होती. पण मोठ्या बाईंचं म्हणणं पडलं, की चूक असो वा नसो, मास्तरणीनं पोरींसमोर असं म्हणायचं नसतं. त्यावरून बोलणं वाढलं. वर्ष संपल्यावर ढोबळेबाई घरी बसल्या. मग आमच्या कारखान्यात टेलेक्सवर लागल्या आणि तिथून संगणकाच्या खोलीत गेल्या. खोलीचे मुख्य होते ते नागपूरला दुसरी नोकरी धरून निघून गेले होते. जाताना पासवर्ड एका पाकिटात घालून मॅनेजरसाहेबांकडे ठेवला होता. ते पाकीट साहेबांनी बाईंच्या हातात दिलं. "फिलहाल तुम्हीच पाहा," म्हणाले. ते फिलहाल वर्ष-दीड वर्ष चाललं.

खोलीतलं मशीन युनिक्सवर चालायचं, असं सगळे म्हणत. युनिक्स म्हणजे काय ते मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही नीट सांगता येणार नाही. मला माहीत होतं ते एवढंच, की आमच्या सगळ्या रंगांच्या कृती त्या मशीनमध्ये होत्या. कोणत्या छटेला कोणता रंग किती ग्रॅम, पाणी किती गरम, किती वेळ ठेवायचं, सारं. जुन्या वह्या उधईनं खाल्ल्या होत्या. म्हणजे ते मशीन गेलं असतं, तर गेल्या वर्षी काढलेला लाल पुन्हा काढायचा कसा, हे कारखान्यात कुणालाच सांगता आलं नसतं.

आणि मशीन जायच्याच बेतात होतं. हिवाळ्यात एकदा वीज गेली तेव्हा ते सुरू व्हायला तीन दिवस लागले. मुंबईहून आलेला इंजिनिअर म्हणाला, मशीन ज्या फाइलीवरून जागं होतं, तीच आतल्या माहितीच्या तबकडीच्या खराब झालेल्या भागावर आहे. या वेळी झालं सुरू. पुढच्या वेळी होईलच असं नाही. नवीन मशीन येईपर्यंत हे बंद करू नका. कृती टेपवर उतरवून ठेवाव्यात तर टेपचा भागही बिघडलेला, आणि हातानं उतरवायला त्या हजारो होत्या. त्या दिवसापासून बाई त्या मशीनजवळ चपला काढून वावरत. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

उन्हाळ्यात नवीन मशीन आलं. ते बसवायला आलेल्या माणसानं मे महिन्यात टाय घातला होता. त्यानं आम्हा आठ-दहा जणांना उभं करून समजावून सांगितलं. एका जाड काळ्या तारेवर सगळी मशिनं जोडलेली असतात. प्रत्येकाला एक नंबर असतो, घराला असतो तसा. रंगखात्यातल्या छोट्या संगणकाला कृती हवी असली, की तो नंबर पुकारतो आणि मोठं मशीन उत्तर देतं. "समजलं?"

"हो," आम्ही सगळे म्हणालो.

"नाही समजलं," ढोबळेबाई म्हणाल्या. "नवीन मशीनले कोणता नंबर दिला?"

"जुन्याचाच. जुनं काढूनच टाकायचं आहे ना, मॅडम."

"पण ते अजून चालूच आहे. मंग एका नंबरचे दोन झाले ना?"

तो हसला. आम्हीही हसलो. तो म्हणाला की जुनं लवकरच निघेल, काळजी नको. संध्याकाळच्या गाडीनं तो मुंबईला गेला आणि नव्या मशीनचा पासवर्डही त्याच्याबरोबर गेला. दुसऱ्या दिवसापासून नवीन ऑर्डरी त्याच्यावर चढू लागल्या, त्यामुळे ते तारेवरून काढायची सोय राहिली नाही. रंगांच्या कृती मात्र अजून जुन्यावरच होत्या. नव्यावर त्या माणसानं चाचणीसाठी काहीबाही आकडे भरून ठेवले होते, आणि त्यांना नंबर दिले होते आमच्याच छटांचे.

मग गोंधळ सुरू झाला. आम्हाला तो मशीनचा वाटलाच नाही, तो आम्हाला परसरामचा वाटला.

परसराम रंग तोलायचा. बारा वर्षं तेच काम. छोट्या संगणकातून कृतीची चिठ्ठी काढायची, चिठ्ठीप्रमाणे रंग तोलून द्यायचा. एका आठवड्यात तीन लॉट बिघडले. नारंगी काढायचं ते मातीसारखं निघालं. मीच नमुना जुळवला, मीच नापास म्हणून लिहिलं. परसराम म्हणे, "मी चिठ्ठीवर होतं तेच तोललं." पुन्हा चिठ्ठी काढून पाहिली तर आकडे बरोबर. तिसऱ्या लॉटची चिठ्ठी साहेबांनी नीट पाहिली. तिच्यावर वेळ होती दोन वाजून सहा मिनिटं. परसरामचं बाहेर पडल्याचं कार्ड तर दोनच्या भोंग्याला गेटवर छापलेलं. म्हणजे, साहेब म्हणाले, ही चिठ्ठी यानं मागाहून कुणाकडून तरी बनवून घेतली, चूक झाकायला. परसरामला नोटीस मिळाली आणि घरी बसवलं.

त्या संध्याकाळी बसमध्ये सगळ्यांचं एकच चाललं होतं, की परसरामनं असं करायला नको होतं. बाई खिडकीतून बाहेर पाहत होत्या.

"मले नाही समजलं," त्या म्हणाल्या. "दोन वाजता गेटाबाहेर गेलेल्या माणसानं दोन वाजून सहा मिनिटांनी चिठ्ठी काढली कशी?"

"म्हणूनच तर पकडला गेला ना, बाई," मी म्हटलं.

"खोटी चिठ्ठी बनवणारा माणूस वेळ तरी खरी टाकीन का नाही? नलू, तूच सांग."

 मी तीन वेळा नापास लिहून सही केली होती, आणि मला ते आठवायचं नव्हतं.

तो शनिवार होता. जामसांवलीच्या फाट्यावर हनुमानाला जाणाऱ्यांची गर्दी होती आणि आमची बस तासभर तिथंच अडली. माणसं खाली उतरून चहा प्यायला गेली. बसमध्ये आम्ही दोघीच. बाईंच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, पण नवरा कुणी पाहिला नव्हता. कुणी म्हणे तो तिगाव स्टेशनवर कामाला होता, कुणी म्हणे इटारसीला दुसरं घर केलं. काय सुचलं कुणास ठाऊक, मी विचारलं.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "गेला हे समजलं. काहून गेला ते नाही समजलं. लोकायनं मले दहा कारणं सांगितली. एक धरून बसली असती तर बरं झालं असतं. पण त्यातलं एकही मले खरं नाही वाटलं, त्याले मी काय करू?"

सोमवारी त्या रंगखात्यात आल्या आणि छोट्या संगणकावर एकाच छटेची कृती पुन्हापुन्हा काढू लागल्या. चिठ्ठी निघाली की स्वतःचं घड्याळ पाहून तिच्यावर पेननं वेळ लिहायची. अकरा चिठ्ठ्या सारख्या निघाल्या. बाराव्या चिठ्ठीवर आकडे वेगळेच होते, आणि तिच्यावर छापलेली वेळ बाईंच्या घड्याळापेक्षा बरोबर अकरा मिनिटं पुढे होती. त्या धावत संगणकाच्या खोलीत गेल्या. मीही मागे. जुन्या मशीनचं घड्याळ बरोबर होतं. नव्याचं अकरा मिनिटं पुढे.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे नंबर पुकारला का दोघंही ओ देऊन राहिले. कधी याचं ऐकू येते, कधी त्याचं. परसरामनं चिठ्ठी दोनला पाच मिनिटं कमी असताना काढली. छापली त्या नव्यानं." मग खुर्चीवर बसून म्हणाल्या, "आता समजलं." पण चेहऱ्यावर आनंद नव्हता. त्यांनी पिशवीतून वही काढली, कोणतीतरी ओळ खोडायला पेन टेकवलं आणि न खोडताच वही परत ठेवली.

मुंबईला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, सोपं आहे. नव्याला हात लावू नका. जुन्याचा नंबर फाइलीत बदला आणि मशीन बंद करून चालू करा. बाई म्हणाल्या, ते चालू होणार नाही. तिकडचा म्हणाला, पुस्तकात असंच लिहिलं आहे.

पुस्तक म्हणजे विटेएवढे जाड सहा खंड होते. दोन दिवस बाईंनी ते घरी नेऊन वाचले. बसमध्येही मांडीवर खंड असे. माझ्याशी बोलणं बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी जागा धरायलाही विसरल्या. मी उभी होते, तेव्हा मान वर करून म्हणाल्या, "नंबर मशीनचा नसतेच, नलू. तार जिथं मशीनमधे शिरते, त्या तोंडाचा असते. तेवढं तोंड बंद करायचं, नवीन नंबर सांगायचा, पुन्हा उघडायचं. मशीनले झोपवायची गरजच नाही. आयएफकॉन्फिग नावाची आज्ञा आहे. पाचव्या खंडात."

मी मान डोलवली. मग म्हटलं, "बाई, मला नाही समजलं." माझ्या तोंडून ते पहिल्यांदाच निघालं असावं. त्यांनी सौंसर ते बोरगाव मला समजावलं. पूर्ण समजलं नाही. पण इतकं कळलं, की एखादं अक्षर चुकलं तर जुनं मशीन तारेवरून तुटेल, आणि घाबरून कुणी ते बंद करून चालू केलं तर सगळे रंग जातील.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत करायचं ठरलं. मी रंगखात्यात छोट्या संगणकापाशी, कानाला आतला फोन. बाई त्या खोलीत, त्यांच्या मागे मॅनेजरसाहेब. बाहेर इतकं ऊन की आवारात कुत्रंही नव्हतं. फोनमधून मला जुन्या मशीनच्या तबकडीची घरघर ऐकू येत होती आणि बाई एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत दाबत होत्या, ते ऐकू येत होतं. मग म्हणाल्या, "झालं. आता जुन्याले पुकार. शेवटचा आकडा सात."

मी पुकारलं. उत्तर आलं. कृती आली, आकडे बरोबर, वेळ बरोबर.

"आता नव्याले. शेवटचा आकडा एक."

काही आलं नाही. पुन्हा पुकारलं. पुन्हा नाही. मी तसं सांगितलं, आणि फोनमधून साहेबांचा आवाज आला. ते इंदूरचे, चिडले की अर्धं हिंदीत बोलत. "नवं मशीन गेलं! ऑर्डरी आहेत त्याच्यात! बाई, सरका, जुनं बंद करून चालू करा. पुस्तकात लिखा है ना!"

"थांबा, साहेब."

"काय थांबा? तुम्हाला समजतं आहे का तुम्ही काय केलं ते?"

"थोडं समजून राहिलं. सगळं नाही," बाई म्हणाल्या. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. नंतर कळलं, की जुन्या मशीनचं बटण ज्या भिंतीला होतं, तिथं खुर्ची लावून त्या बसल्या होत्या. बटणाला पाठ लावून. "नलूचं मशीन अजून जुनीच ओळख धरून आहे. एक नंबर म्हटलं का ते याच्याकडंच येते, अन् हे आता त्या नंबराले ओ देत नाही. वीस मिनिटांनी ओळख आपोआप पुसली जाते, असं लिहिलं आहे. वीस मिनिटं काहीच करायचं नाही."

"आणि नाही पुसली तर?"

"तर मले नाही समजलं, असं समजा. मंग काढून टाका मले."

ती वीस मिनिटं मला फार लांब गेली. फोन कानालाच होता.  मला वाटत होतं आपण पुकारून पाहावं, आणि वाटत होतं की आपल्या पुकारण्यानंच काहीतरी बिघडेल. परसरामचं तोलायचं स्टूल समोर रिकामं होतं. दर पाच मिनिटांनी बाई वेळ सांगायच्या. शेवटी म्हणाल्या, "नलू, आता पुकारून पाय."

मी पुकारलं. नवीन मशीननं ओ दिली. अकरा मिनिटं पुढची वेळ.

फोनमध्ये पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "आता मी पाणी पिते."

त्या दुपारपासून संध्याकाळपर्यंत साऱ्या कृती, ऑर्डरी चढत तशाच, तारेवरून जुन्यातून नव्यात गेल्या. तीन आठवड्यांनी वादळात वीज गेली, जनरेटरही दगावला आणि जुनं मशीन बंद पडलं. ते पुन्हा कधीच सुरू झालं नाही.

परसरामला परत बोलावलं. साहेब म्हणाले, "सिस्टमचा प्रॉब्लेम होता, झालं." मला वाटलं संपलं. पण बाई दुसऱ्या दिवशी साहेबांच्या दारात उभ्या. "नोटीस मागे घेतली म्हणता, मंग कागद त्याच्या फाइलीत काहून आहे? मले नाही समजलं." तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी पुन्हा. आवाज चढवायचा नाही, रागवायचं नाही, खरंच न समजल्यासारखं विचारायचं. नवव्या दिवशी साहेबांनी कागद काढून त्यांच्या समोर फाडला.

आम्हाला वाटलं परसराम येऊन बाईंच्या पाया पडेल. तो आला, पण पाया पडला नाही. म्हणाला, "बाई, घरी बसून बसून मलेच वाटाले लागलं होतं का माहीच चूक झाली. बायकोले तसं सांगूनही टाकलं मी. आता तिले काय सांगू?"  बाईंनी त्याला बसायला स्टूल दिलं आणि स्वतःही त्याच्या शेजारी बसल्या. त्या तीन लॉटांच्या नापास शेऱ्यांखाली माझी सही होती. मी दारातूनच परत फिरले.

दिवाळीच्या सुमाराला साहेबांनी बाईंना खोलीचं मुख्य करायचं ठरवलं. कागद तयार झाला. आणि बाईंनी नोकरी सोडली. कुणी म्हणालं पांढुर्ण्यात शिकवणी सुरू केली, कुणी म्हणालं नवरा परत आला, कुणी म्हणालं साहेबांशी बिनसलं. मी शेवटच्या दिवशी बसमध्ये विचारलं, तर म्हणाल्या, "मन नाही म्हणून राहिलं." याहून जास्त नाही. पांढुर्ण्याला घरी ये म्हणाल्या. मी जाणार होते. गेले नाही. का गेले नाही, त्याचं मला आजही धड कारण देता येत नाही.

त्यानंतर त्या मला एकदाच दिसल्या, पुढच्या थंडीत. मी एका लग्नाहून एस.टी.नं परत येत होते. पांढुर्णा सुटता सुटता उजव्या हाताला एक मोकळं मैदान लागतं. तिथं ढोबळेबाई लुना चालवत होत्या. पदर कमरेला खोचलेला, पाठ ताठ, दोन्ही हातांत हँडल घट्ट धरलेलं. शिकवायला कुणी नव्हतं, निदान मला दिसलं तरी नाही. कडेला दोन म्हशी चरत होत्या आणि बाई मैदानाला गोल फेऱ्या घालत होत्या. एक झाली, दुसरी झाली. समोर गुरं आडवी होती म्हणून बस हळू झाली. मी खिडकीतून ओरडले, "बाई!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लुना डगमगली, सावरली. त्यांनी एक हात सोडला आणि माझ्याकडे पाहून उंच हलवला. तोंडानं काहीतरी म्हणाल्याही, पण इंजिनाच्या आवाजात ते विरलं.

गुरं बाजूला झाली, बस निघाली. मी मान वळवून पाहत राहिले. त्या तशाच गोल जात होत्या, आता दोन्ही हात हँडलवर. तो हात मला ओळख द्यायला होता, की ही गाडी थांबवायची कशी ते विचारायला, हे मला काही कळलं नाही.